गाडी बसली आणि अक्का चढली

बारसं उरकलं की गाडी विकून टाकायची, या एकाच अटीवर मी ती दारात उभी राहू दिली होती. गाडी साधीसुधी नव्हे. परदेशी बनावटीची, काळी कुळकुळीत, उंचीला आमच्या कंपाउंडच्या भिंतीएवढी आणि पहिल्या मालकाने सात वर्षं हौसेने वापरून झालेली. नाशिकच्या आमच्या सोसायटीत ती वळवायची म्हणजे वॉचमनला आधी दोन स्कूटर उचलून बाजूला ठेवाव्या लागतात. आमचे हे, म्हणजे मधुकरराव, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. जन्मभर काटकसरीने जगलेल्या माणसाने साठी उलटल्यावर असला हत्ती दारी बांधला, तेव्हा शेजाऱ्यांनी थट्टा केली आणि मी दोन दिवस अबोला धरला.

तिसऱ्या दिवशी त्यांनी मला गाडीजवळ नेलं आणि एक बटण दाबलं. फुस्स असा आवाज झाला आणि ती अवाढव्य गाडी चारही पायांवर हळूच चार-पाच बोटं खाली बसली. "आता बघ," ते म्हणाले, "अक्काला चढता येईल."

अक्का म्हणजे यांची थोरली बहीण. वय एक्याऐंशी, मुक्काम कागल. चार वर्षांपूर्वी तिचे गुडघे धरले ते धरलेच. चालते काठीने, पण पाय पुरता वाकत नाही. उंच जीपमध्ये तिला चढता येत नाही आणि लहान गाडीच्या खोल सीटवर बसता येत नाही. तीन वर्षांपूर्वी आमच्या निखिलचं लग्न शाहूवाडी तालुक्यात, सुनेच्या माहेरी झालं. त्या दिवशी अक्का पहाटेपासून जरीचं लुगडं नेसून दारात बसली होती. जीपला स्टूल लावून तिला चढवायला गेले, स्टूल घसरलं, गुडघा मुरगळला. "तुमी जावा," म्हणाली आणि स्वतःच मागे वळली. लग्नात अक्षता टाकताना यांचे डोळे वाहत होते. लोकांना वाटलं, आनंदाने.

आता निखिलला मुलगी झाली होती. बारसं सुनेच्या माहेरीच होतं, रविवारी दुपारी बारा वाजता. बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा, पण आम्हाला मुलगी नाही, त्यामुळे बाळाला आत्या नाही. मान गेला बाळाच्या बापाच्या आत्याकडे, म्हणजे अक्काकडे. निखिलने अँब्युलन्सचं विचारून पाहिलं तर अक्का फोनवर कडाडली, "अँब्युलन्समधनं बारशाला जातंय व्हय कोण? बाळाला काय वाटंल?" तेव्हा सगळा भरवसा त्या एका बटणावर होता.

कोल्हापूर, शुक्रवार

दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले होते. निघताना मी गाडीला ओवाळलं आणि पुढच्या जाळीच्या बरोबर मधोमध लिंबू-मिरची बांधली, खाली काळी बाहुली. एवढ्या महागाच्या वस्तूला नजर लागायला कितीसा वेळ लागतो.

कराड मागे पडलं आणि गाडीने तक्रार करायला सुरुवात केली. समोरच्या पडद्यावर लाल अक्षरं आली की पुढचं काही दिसत नाही, सेवा केंद्रात जा. दर दोन मिनिटांनी टिंग. यांनी काच पुसली, मी यांचा चष्मा पुसला, टिंग काही थांबेना. सेवा केंद्र पुण्यात, ते आम्ही सकाळीच ओलांडलेलं. फोन केला तर तिथल्या गोड आवाजाच्या मुलीने पुढच्या बुधवारची वेळ दिली. शेवटी मी टिंगवर ताल धरून अभंग म्हणायला लागले आणि हे हसले.

कोल्हापुरात पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. लॉजवर सामान टाकून आम्ही कटवडा, म्हणजे तिखट रश्श्यात बुडवलेला बटाटेवडा, खायला गेलो. आमच्या नाशिकला मिसळ मागितली की 'तिखट, मध्यम की साधी' असं विचारतात. इथे मी भीतभीत "जरा कमी तिखट" म्हटलं, तर कढईपाशी बसलेल्या मालकाने मला आपादमस्तक न्याहाळलं. "तब्येत बरी न्हाय व्हय वैनी?" त्याने खऱ्या काळजीने विचारलं. मी तब्येत बरी असल्याचं सांगितलं आणि मग माझ्यापुढे जे आलं ते मी डोळ्यांतून पाणी काढत, पण वाटी पुसून खाल्लं. वर त्याने न मागता दह्याची वाटी पाठवली.

कोल्हापूर, शनिवार

सकाळी लॉजच्या खाली आलो तर आवारात पाच-सहा माणसं गाडीभोवती उभी. गाडी पार पोटावर बसली होती. चाकं कमानीत शिरलेली, दारं जमिनीलगत. "रातभर बसूनच हाय की पावणं," लॉजचा मॅनेजर म्हणाला, "दमली आसंल."

इंजिन सुरू केलं तशी ती कण्हत कण्हत वर उठली. पण पडद्यावर नवीन लाल अक्षरं आली आणि यांनी बटण दाबलं तर फुस्स झालंच नाही. तीनदा दाबलं, दहादा दाबलं. ज्या एका गोष्टीसाठी गाडी घेतली, तीच गेली. बारसं उद्यावर आलं होतं.

मॅनेजरने उद्यमनगरात शौकतमामांकडे जायला सांगितलं. शौकतमामा शिकलगार म्हणजे साठीचे गृहस्थ, पांढरी दाढी, दोरीला बांधलेला चष्मा. आधी फाउंड्रीतल्या मोटारी दुरुस्त करत, आता गाड्यांची वायरिंग बघतात. गॅरेजात तीन गाड्या उघड्या पडल्या होत्या आणि कोपऱ्यात कुंडीत तुळस होती. आम्हाला वाटलं, आता बॉनेट उघडणार. मामांनी दोन खुर्च्या पुसल्या, चहा सांगितला आणि यांना म्हणाले, "पयलं तिची कुंडली सांगा. कुठं जन्मली, कुणाकडं नांदली, काय खाती, कवा रुसती."

ह्यांनी सांगायला सुरुवात केली. मामा मध्येच विचारत, आधीचा मालक शहरात चालवायचा की हायवेला? उभी किती दिवस असायची? बॅटरी कधी बदलली? अर्धा तास असा गेला. आमच्याकडे मेकॅनिक गाडी बघतो, मालकाकडे बघतसुद्धा नाही. मी घड्याळ बघत होते, पण हे मात्र हळूहळू खुलले. शेवटी अक्काचा विषय निघाला आणि स्टुलाचाही. मामांनी चहाचा कप खाली ठेवला.

मग त्यांनी लॅपटॉप जोडला. चौदा बिघाड दिसले. मामांनी यादीवरून बोट फिरवलं. "चौदा आजार न्हाईत वैनी. दोनच हाईत. बाकीचे बारा लाड हाईत. अशा गाड्यांची बॅटरी जरा उतरली की सगळीकडनं रडाय लागत्यात." त्यांनी बॅटरीची टोकं घासून साफ केली, कसून आवळली, आणि बारा बिघाड खरोखरच पुसले गेले.

तेरावा शोधायला ते पुढे गेले आणि वाकले. वाकूनच राहिले. पाठ हलायला लागली तेव्हा कळलं की ते हसत होते. "वैनी, हे लिंबू तुमी बांधलंय न्हवं?" मी मान डोलावली. "ह्या जाळीमागं हिचा डोळा हाय. रडार म्हणत्यात. पुढं काय येतंय ते बघून बरेक लावतोय त्यो. तुमी नेमकं त्याच्यापुढंच मिरच्या टांगल्यासा. मंग पोरगी कालपासनं वरडतीया, मला दिसंना, मला दिसंना."

मी शरमेने लाल झाले. ह्यांनी मात्र लग्नाच्या चाळीस वर्षांची वसुली एका हसण्यात करून घेतली. मामांनी लिंबू-मिरची सोडली, पण फेकली नाही. मागे जाऊन नंबरप्लेटखाली नीट बांधली. "नजर काय पुढनंच लागती व्हय," म्हणाले. माझा मान राखला त्यांनी.

चौदावा बिघाड मात्र खरा होता. मामांनी कपडे धुवायच्या साबणाचा फेस केला आणि गाडीखाली सरपटत जाऊन एका लोखंडी ठोकळ्यावर ब्रशने लावला. चारही चाकांवरच्या रबरी फुग्यांना हवा वाटून देणारा हा ठोकळा. त्याच्या एका कडेला फेसाचे बुडबुडे फुगायला लागले. तिथून हवा जात होती. "गाडीला कळलंय हवा गळतीया," मामा बाहेर येत म्हणाले, "म्हणून बटनाचं ऐकायचं सोडलंय तिनं. नवा ठोकळा मुंबईस्नं यायला धा दिस."

"मग उद्या?" ह्यांनी विचारलं.

मामांनी हात पुसले, दाराच्या उंचीकडे पाहिलं. मग म्हणाले, "अक्का झोपती त्यो पलंग किती उंच हाय?"

ह्यांनी कागलला फोन लावला. अक्काने हाताने मोजून सांगितलं, तीन विती. मामांनी एक नळी ढिली करून गाडी पूर्ण खाली बसवली, दार उघडलं आणि जमिनीपासून सीटपर्यंत आपली वीत टाकली. एक, दोन, तीन. सीटची कड करंगळीला टेकली.

"झाला की पलंग," ते म्हणाले. नळी आवळली, हवा भरली, नळीला कुणी हात लावायचा नाही म्हणून बजावलं. "आता ऐका. हिंडायला काय अडचण न्हाय, इंजन चालू हाय तवर ती उभी ऱ्हाती. बंद केलासा की तीन-चार तासांत आपसूक बसती. आज रातीच अक्काच्या दारात नेऊन उभी करा. सकाळी बसलेली असंल. बसलीया तवरच अक्काला बसवा, मंग इंजन चालू करा. जे काम बटनाचं, ते गळती करंल."

"आणि तिथे उतरायचं कसं?" मी विचारलं.

"पोचा तर खरं वैनी," मामा म्हणाले. "गाव हाय तितं. मानसं हाईत."

हुपरी, शनिवार संध्याकाळ

अक्काने बाळासाठी चांदीचे वाळे हुपरीला सांगून ठेवले होते. आत्याने रिकाम्या हाताने नाव ठेवायचं नसतं. आमची वाट तशीही हुपरीवरून कागलला होती. दोन्हीकडे तुरे आलेला ऊस, मधूनच गुऱ्हाळाचा धूर आणि उकळत्या रसाचा वास. एका गुऱ्हाळापाशी ह्यांनी गाडी थांबवली, पण इंजिन चालूच ठेवलं. गरम काकवी पानावर घेऊन आम्ही चाटली.

हुपरीत ज्यांच्याकडे वाळे होते त्या पद्माकाकू, जैन घरातल्या, पासष्टीच्या. घराचा पुढचा सोपा म्हणजेच कारखाना. चार बायका मांडी घालून पैंजणांच्या कड्या जुळवत होत्या आणि गप्पांत एक क्षणाचा खंड नव्हता. वाळे माझ्या तळहातावर ठेवले, माझ्या अंगठीच्या दुपटीएवढे, एकेका घुंगराचे. हलवले की अगदी हळू वाजायचे. मी तिथेच रडले असते.

तेवढ्यात हे चांदी तापवायची ज्योत बघायला वाकले आणि खिशातली गाडीची चावी फरशीवर पडली. टक्क आवाज झाला, झाकण एकीकडे, सेल दुसरीकडे. सगळं गोळा करून मिटवलं, पण गाडी ओळख दाखवेना. मामांना फोन केला. त्यांनी सांगितलं तसं गाडी सुरू करायच्या बटणाला चावी टेकवून पाहिली. पडद्यावर अक्षरं आली, चावी सापडत नाही. यांच्या हातातच होती ती. दुसरी चावी पहिल्या मालकाने केव्हाच हरवली होती. साडेपाच वाजले होते. गाडी रात्री अक्काच्या दारात उभी राहिली नाही तर सकाळी बसणार नाही, आणि ती बसली नाही तर अक्का चढणार नाही.

पद्माकाकूंनी चावी मागून घेतली, भिंग डोळ्याला लावलं. "हितं बघा. सेलला धरायची पट्टी तुटलीया. नखाएवढी बी न्हाय." मग चावी बाजूला ठेवून त्या उठल्या. "दिवस मावळायच्या आत आमचं जेवान असतंय. तुमीबी बसा."

"काकू, आम्हाला जरा घाई आहे," हे म्हणाले.

"म्हणूनच म्हणतो. उपाशी हात कापतोय. माझाबी आणि तुमचाबी." इकडच्या बायका स्वतःबद्दल 'मी करतो, मी म्हणतो' असंच बोलतात, आणि तसं बोलल्यावर पुढे वाद घालायची सोय राहत नाही.

नाशिकला आम्ही पाहुण्याला 'चहा घेणार का' असं विचारतो आणि तो 'नको' म्हणाला की सुटलो म्हणतो. इथे कुणी विचारलंच नाही, पानं मांडून झाली होती. ज्वारीची पातळ भाकरी, मुगाची उसळ, शेंगदाण्याची चटणी, दही. कांदा नाही, लसूण नाही, तरी चटणीने जीभ जागी केली. ह्यांचं लक्ष खिडकीतल्या उन्हाकडे, आणि काकू त्यांच्या पानात भाकरी वाढतच होत्या. सूर्य बुडायच्या आत घरातल्या सगळ्यांचे हात धुऊन झाले होते.

मग काकू दिव्याखाली बसल्या. डब्यातून चांदीचा एक कातरलेला तुकडा काढला, छोट्या ऐरणीवर ठेवून ठोकायला लागल्या. मी म्हटलं, तापवत नाही का? "चांदी मऊ असती. तापीवली की आणिक मऊ. थंडीच ठोकली की ताठ हुती, मंग दाबून धरती." त्यांनी चिमट्याने पट्टी वाकवली, कानशीने घासली, चावीत बसवली, काढली, परत घासली. बायकांच्या गप्पा पहिल्यांदाच थांबल्या होत्या.

हे चावी घेऊन दाराबाहेर गेले. गाडीचे दोन्ही दिवे एकदम लुकलुकले. सोप्यातून अशी हसण्याची लाट उठली की पलीकडच्या घरातले लोक बघायला आले.

मी पर्स उघडली तर काकूंनी ती मिटवली. "ह्याचं काय घ्यायचं? पोरीच्या वाळ्यातनंच उरलेला तुकडा हाय. तिचीच चांदी."

कागल, रविवार

रात्री नऊच्या आत गाडी अक्काच्या दारात उभी करून बंद केली. मला छान झोप लागली. हे मात्र पहाटेपासून उठून खिडकीतून गाडीकडे बघत होते. उजाडल्यावर त्यांनी मला हलवलं. "बसली," एवढंच म्हणाले.

अक्का तयारच होती. तेच जरीचं लुगडं. गल्ली गोळा झाली होती. अक्काने काठी टेकत गाडीला एक फेरी मारली, पोटावर बसलेला तो काळा ऐवज नीट पाहिला आणि म्हणाली, "म्हसच की ही. बसलीया कशी निवांत."

उघड्या दाराकडे पाठ करून ती उभी राहिली. मागे हात नेऊन सीट चाचपली, आणि रोज पलंगावर बसते तशी बसली. बस्स. स्टूल नाही, ओढाताण नाही, हाय नाही की हुय नाही. ह्यांनी तिचे दोन्ही पाय हातांवर घेऊन अलगद आत वळवले. इंजिन सुरू केलं. गाडी आधी मागून, मग पुढून उठायला लागली आणि अक्काही तिच्याबरोबर वर वर निघाली. तिने एका हाताने दांडी धरली, दुसरा हात कपाळाला लावून नमस्कार केला. "उठली गं बाई म्हस," ती म्हणाली. सगळी गल्ली हसली. हे चष्मा पुसायला खाली वाकले आणि बराच वेळ पुसत राहिले.

वाटेत अक्का गप्प बसली नाही. चार वर्षांत तिने कागलची वेससुद्धा ओलांडली नव्हती. कोल्हापूरच्या पुढे पन्हाळ्याची रांग दिसायला लागली तशी ती एकेका गावाचं नाव घेऊन तिथे कोण दिलंय, कोण वारलंय, कुणाची सून गुणाची निघाली ते सांगत गेली. पुढे उसाने भरलेला ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या ओढत, गाणी वाजवत चालला होता, मागे उसाची टोकं लोंबत होती. आम्ही जरा जवळ गेलो आणि गाडीने यांना न विचारता करकचून ब्रेक लावला. पुढच्या डोळ्यावरची मिरची गेली होती ना आता. मी घाबरले. अक्का खूश. "शहाणी हाय. तुज्यापेक्षा तिलाच जास्त दिसतंय मध्या."

मलकापूरच्या अलीकडे माती लाल झाली. तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवताना मी फळ्यावर जो सह्याद्रीचा उतार काढला, तो समोर पायऱ्यापायऱ्यांनी उतरत होता. प्रत्येक पायरीवर कापलेल्या भाताची पिवळी खुटं, मधेच मळणीचं खळं, वाऱ्यावर उडणारा भुसा. अक्काने काच खाली करायला लावली. नव्या भाताचा वास आत आला तशी तिने डोळे मिटून तो छातीभर ओढून घेतला.

बारसं

पोचलो तेव्हा साडेअकरा वाजले होते. अंगणात मांडव, वाजंत्री, निखिल धावत आला. ह्यांनी गाडी मांडवाच्या कडेला लावली आणि बंद केली, कारण बंद केल्याशिवाय ती बसणार नाही. पण बसायला तीन तास, आणि बारसं अर्ध्या तासावर. आमचे व्याही भला माणूस, लगबगीने घरातून एक स्टूल घेऊन आले. अक्काने स्टुलाकडे पाहिलं. ह्यांनी पाहिलं. निखिलनेही पाहिलं.

"स्टूल नगो बाबा," अक्का हळू आवाजात म्हणाली. "मी हितनंच बघतो. तुमी घ्या उरकून."

तिचा तो स्वर मी तीन वर्षांपूर्वी ऐकला होता. यांचा चेहरा मला बघवेना.

तेवढ्यात आमच्या विहीणबाई पुढे आल्या. ठेंगणी, ठसठशीत बाई, पदर खोचलेला. "उरकून काय घ्यायचं? आत्याबाई खाली येत न्हाईत तर पाळणा वर न्हिऊ की. पाळणा हलत न्हाय व्हय?" आणि त्यांनी खरोखरच दोन माणसांना सांगून पाळणा सजवल्यासकट उचलायला लावला. तो गाडीच्या उघड्या दाराला लावून मांडला. सगळ्या बायका गाडीभोवती गोल उभ्या राहिल्या. कुणी गाडीच्या बॉनेटला हळदकुंकू लावलं. एका मावशीने झेंडूचा हार आणून पुढच्या जाळीवर, बरोबर मधोमध अडकवला. मी स्वतः जाऊन तो काढला आणि आरशाला बांधला. माझं लिंबू मागे सुखरूप होतं.

पाळण्याची गाणी झाली. सुनेने बाळाला अक्काच्या मांडीवर दिलं. अक्काने वाळे तिच्या पायांत घातले, पाय हलले, घुंगरू वाजलं. मग कानाशी तोंड नेऊन कुर्र केलं आणि बोलायला लागली. नाव निखिलने आधीच फोनवर सांगितलं होतं, दोन अक्षरांचं, ईरा. पण अक्काचं कानात सांगणं संपेचना. बायका हसायला लागल्या. विहीणबाई म्हणाल्या, "आत्याबाई, नाव हाय का पोथी?" शेवटी अक्काने मान वर केली आणि मांडवाच्या टोकाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "ईरा." बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घातले, रिवाजाप्रमाणे. तेवढ्यासाठी त्या गाडीत वाकून वाकून आत गेल्या.

जेवणाचं ताट अक्काला गाडीतच आलं. नव्या तांदळाचा भात, आमटी, शेवयांची खीर, वाटीत घुगऱ्या. गाव एकेक करून दाराशी येऊन भेटून गेलं. एका म्हातारीशी तर तिचं लांबचं नातंही निघालं. आम्ही पंगतीत होतो, गप्पांत होतो, गाडीकडे कुणाचं लक्ष नव्हतं. तीनच्या सुमाराला मी वळून पाहिलं तर गाडी पोटावर बसली होती आणि सीट रिकामी होती.

मी तशीच उठले. मग दिसलं. अक्का काठी टेकत, एकटीच, अंगणातून चालली होती. जरीच्या काठाला लाल माती लागली होती. ओटीवर नव्या भाताची रास होती, तिथे ती थांबली, मूठभर साळ उचलून तळहातावर चोळली आणि फुंकली. हे हातातला विडा तसाच धरून उभे होते. पुढे जाऊन तिला आधार द्यावा असं त्यांना वाटलं असणार, पण ते गेले नाहीत. मीही नाही गेले.

संध्याकाळी निघायची वेळ झाली तेव्हा अक्का हलेना. "म्हस बसलीया तर बसू दे," म्हणाली. "मी आठ दिस ऱ्हातो हितं. पोरगीला तेल लावाय नगो?" विहीणबाईंनी लगेच अंथरूण दाखवलं. पलंग नव्हता, पण घरातल्या सगळ्या गाद्या एकावर एक टाकून त्यांनी तीन विती बरोबर भरवल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघंच नाशिकला निघालो. अक्काला आठवड्याने न्यायला निखिल येणार होता, आमच्याकडून हीच गाडी घेऊन. पाया पडताना मी तिला विचारलं, "अक्का, एवढा वेळ तिच्या कानात काय सांगत होतात?"

"काय न्हाय गं," अक्का म्हणाली. बाळ तिच्या मांडीवर झोपलं होतं. "म्हटलं, तुज्या बापाच्या लग्नाला मला यायला न्हाय जमलं. तुज्या लग्नाला येतो. फकस्त तुज्या आजीला सांग, गाडी इकायची न्हाय."

गाडी आमच्या दारात आहे. नवा ठोकळा मुंबईहून आला, निखिल अक्काला कागलला सोडून परतताना शौकतमामांनी तो बसवला, आता बटण दाबलं की ती पुन्हा फुस्स करून बसते. तिच्यासाठी मी अंगणातल्या कुंड्या हलवून जागा केली आहे.